चार जण बाजूला का उभे राहतात?

(बेळगावातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि श्रोतेहो,

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या पट्ट्यात व्याख्यानमालांची आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांची परंपरा जुनी आहे. परंतु खेळावर बोलायचे झाले तर विषय बहुधा कुस्ती किंवा क्रिकेट हाच असतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या डावपेचांवर बोलण्याची मुभा आयोजकांनी मला दिली, त्यामागचे कारण मी समजू शकतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांतली मुले आता एनबीएचे, म्हणजे तिथल्या त्या व्यावसायिक लीगचे, सामने मोबाइलवर पाहतात. जूनमधल्या अंतिम फेरीचे सामने आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे शाळेला निघेपर्यंत निम्मा सामना पाहून होतो. संध्याकाळी पाऊस उघडला की तीच मुले कोर्टवर येतात, त्यांतला एक जण चेंडू घेऊन दहा-बारा सेकंद जमिनीवर आपटत राहतो, चौघे बाजूला उभे राहून पाहतात, आणि रेषेबाहेरून क्रीडाशिक्षक ‘पास दे, पास दे’ म्हणून ओरडत असतात. शिक्षकांना मुलगा स्वार्थी वाटतो; मुलाला सर जुन्या काळातले वाटतात.

दोघेही या प्रश्नाकडे स्वभावाच्या अंगाने पाहतात, आणि तिथेच गफलत होते असे मला वाटते. एकट्याने खेळणे म्हणजे अहंकार आणि चेंडू फिरवणे म्हणजे त्याग, ही मांडणी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांना सोयीची असली तरी तिच्यावरून खेळ समजत नाही. चेंडू असलेल्या एका खेळाडूकडे विरुद्ध संघाच्या दोघांना लक्ष द्यायला लावणे, हे बास्केटबॉलमधल्या प्रत्येक आक्रमणाचे पहिले काम असते. कारण दोघे एकाकडे वळले की उरलेल्या चौघांना तिघेच सांभाळू शकतात. ते काम एकट्याच्या कौशल्याने साधायचे की पासांच्या वेगाने, याचे उत्तर त्या-त्या काळी बचावाला काय करण्याची परवानगी होती यावर अवलंबून राहिले आहे. आज मला मुख्यतः हीच गोष्ट उलगडून सांगायची आहे.

एकाला चेंडू देऊन बाकीच्यांनी बाजूला होणे याला ‘आयसोलेशन’ म्हणतात; प्रथम ते नेमके काय ते पाहू. आपल्या कबड्डीत चढाई करणारा एकटाच सात जणांच्या अंगणात शिरतो आणि त्याचे साथीदार मध्यरेषेअलीकडे थांबतात, कारण नियमच तसा आहे. बास्केटबॉलमध्ये साथीदारांनी बाजूला व्हावे असा कोणताही नियम नाही. ते कोर्टच्या दुसऱ्या कडेला जाऊन उभे राहतात ते आपापल्या बचावपटूला सोबत ओढून नेण्यासाठी. चढाईत एकाला सात असतात. इथे एकासमोर एकच उरावा यासाठी सगळी खटपट चाललेली असते. म्हणून बाजूला उभे असलेले ते चौघे काही करत नाहीत असे म्हणणे बरोबर नाही. त्यांच्यापैकी दोघे-तिघे लांबून अचूक नेम मारणारे असतील, तर त्यांचे बचावपटू त्यांना सोडून मदतीला धावू शकत नाहीत, आणि चेंडूवाल्याला मोकळे रान मिळते. तेच चौघे लांबून टाकू न शकणारे असतील, तर त्यांना सोडून सगळे बास्केटखाली गोळा होतात आणि आयसोलेशन तिथेच संपते.

याउलट चेंडू फिरवण्याचा खेळ एका साध्या गोष्टीवर उभा आहे: पास माणसापेक्षा वेगाने जातो. चेंडू उजवीकडून डावीकडे गेला की पाचही बचावपटूंना आपली जागा बदलावी लागते. एका पासात ते सावरतात, दुसऱ्यात सावरतात, तिसऱ्या-चौथ्या पासाला कोणीतरी अर्धे पाऊल उशिरा पोहोचतो, आणि त्या अर्ध्या पावलात नेम मारण्यापुरता वेळ मिळतो. मात्र पहिल्याच पासाला जर कोणाही बचावपटूला हलावे लागले नसेल, तर पुढचे दहा पासही व्यर्थ असतात. तीन गुणांच्या रेषेबाहेर, म्हणजे जिथून लागलेल्या नेमाला दोनऐवजी तीन गुण मिळतात तिथे, अर्धवर्तुळात चेंडू फिरत राहतो, पाहणाऱ्याला सांघिक खेळ दिसतो, आणि प्रत्यक्षात फक्त वेळ जातो.

हा खेळ १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी तयार केला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत एक नियम असा होता की खेळाडूने चेंडू घेऊन धावू नये. जिथे झेलला तिथूनच तो फेकावा. म्हणजे मूळ खेळात पासाखेरीज चेंडू पुढे नेण्याचा मार्गच नव्हता. ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे, नंतर आले, आणि एकट्याने चेंडू पुढे नेणे शक्य झाले. त्यानंतरचा बराचसा इतिहास या दोन शक्यतांमधल्या ओढाताणीचा आहे. त्यातला एक टप्पा मी चटकन सांगून पुढे जातो. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. आघाडी मिळाली की चेंडू धरून बसायचे आणि पास करत वेळ काढायचा, हे तेव्हा नियमात बसत होते. प्रेक्षक कंटाळून जाऊ लागले. म्हणून १९५४-५५ च्या मोसमापासून, सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहामुळे, चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याचे बंधन आले. आजच्या विषयाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. घड्याळात पाच-सहा सेकंद उरलेले असताना आणि कोणीच मोकळे नसताना पास करत राहण्याची चैन परवडत नाही. अशा वेळी चेंडू त्याच्याच हाती जातो जो स्वतःच्या बळावर जागा निर्माण करू शकतो. चोवीस सेकंदांच्या घड्याळाने आयसोलेशनला कायमची नोकरी मिळवून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

साठच्या दशकातला विल्ट चेंबरलेन हा या वादातला सर्वांत बोलका साक्षीदार आहे. १९६१-६२ च्या मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले आणि २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे एकाच सामन्यात १०० गुण केले. पण त्याच मोसमात त्याचा संघ बिल रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सकडून बाद फेरीतल्या मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात दोन गुणांनी हरला. पाच वर्षांनी, १९६६-६७ मध्ये, त्याच चेंबरलेनची सरासरी २४.१ गुणांवर आली, सामन्यामागे असिस्ट, म्हणजे साथीदाराला गुण मिळवून देणारे पास, ७.८ पर्यंत गेले, आणि त्याच्या संघाने विजेतेपद मिळवले. यावरून ‘गुण कमी करा म्हणजे जिंकाल’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की चेंबरलेनचे पास मोलाचे ठरले ते तो पन्नास गुण करू शकतो हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे. त्याच्याकडे चेंडू गेला की दोघे-तिघे धावत. ते धावले नसते तर पास द्यायला मोकळा साथीदार कुठून मिळाला असता?

आता मी ज्या काळावर थोडा अधिक वेळ घेणार आहे तो नव्वदीचा. आज पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या श्रोत्यांपैकी ज्यांनी मायकल जॉर्डनचे सामने पाहिले असतील, त्यांना त्या काळातले एक दृश्य आठवत असेल: एका बाजूला जॉर्डन चेंडू घेऊन उभा, दुसऱ्या बाजूला त्याचे चार साथीदार, आणि त्यांच्यासोबत विरुद्ध संघाचे चार जण निमूट उभे. त्या चौघांनी मदतीला का जाऊ नये? कारण एनबीएच्या नियमांनी त्यांना अडवले होते. तिथे झोन बचाव, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणे, निषिद्ध होते. बचावपटूने आपल्या वाट्याच्या खेळाडूजवळ राहायचे, नाही तर सरळ चेंडूवाल्यावर दुसरा म्हणून धावून जायचे. अधेमधे, बास्केटच्या वाटेवर नुसते दबा धरून उभे राहायचे नाही. म्हणून आक्रमक संघाने आपल्या दोन अगदी सामान्य खेळाडूंना लांब नेऊन उभे केले तरी विरुद्ध संघाला त्यांच्यामागे जावेच लागे. ज्याला लांबून नेम मारता येत नाही असा खेळाडूही नियमाच्या जोरावर एका बचावपटूला अडकवून ठेवत असे. इतकी स्वस्त सोय असताना प्रशिक्षकांनी आयसोलेशन वापरले नसते तरच नवल.

याच काळात तीन गुणांची रेषाही हलली. १९९४-९५ ते १९९६-९७ या तीन मोसमांत ती सर्वत्र बावीस फुटांवर आणली गेली आणि नंतर पुन्हा मूळ जागी, म्हणजे समोर तेवीस फूट नऊ इंचांवर गेली. रेषा पावणेदोन फूट इकडची तिकडे सरकली की माणसांचे काय काय बदलते, हे सीमाभागातल्या श्रोत्यांना मी समजावून सांगायला नको.

जॉर्डनची कहाणी मात्र नियमाच्या सोयीपुरती नाही. १९८६-८७ मध्ये त्याने सरासरी ३७.१ गुण केले. शिकागो बुल्सने मोसमात ४० सामने जिंकले, ४२ हरले, आणि बाद फेरीत बोस्टनने त्यांना एकही सामना जिंकू दिला नाही. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि टेक्स विंटर या बुजुर्ग साहाय्यकाची ‘ट्रँगल’ पद्धत त्यांनी संघाला लावली. या पद्धतीत कोर्टच्या एका बाजूला तीन खेळाडूंचा त्रिकोण होतो, दुसऱ्या बाजूला दोघे राहतात, आणि ठरावीक चाल न सांगता बचाव कुठे झुकला आहे ते पाहून पास ठरतो. जॉर्डनची सरासरी १९९०-९१ मध्ये ३१.५ वर आली आणि बुल्सने पहिले विजेतेपद मिळवले. १९९३ च्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, फिनिक्सविरुद्ध, निर्णायक चालीत चेंडू पाचही खेळाडूंच्या हातांतून गेला: आर्मस्ट्राँगने तो आत दिला, जॉर्डनने पिपेनला, पिपेनने ग्रँटला आणि ग्रँटने बाहेर मोकळ्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनला. त्याचा तीन गुणांचा नेम लागला आणि सामना ९९-९८ असा संपला.

पण याच संघाच्या पुढच्या दोन चाली शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण माझ्या मते या विषयावर त्यांच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. १९९७ ची अंतिम फेरी, यूटा जॅझविरुद्ध सहावा सामना, बरोबरी ८६-८६. सगळ्यांना ठाऊक होते की चेंडू जॉर्डनकडे जाणार. जॉन स्टॉकटन आपल्या वाट्याचा खेळाडू सोडून जॉर्डनवर धावला. तो खेळाडू होता स्टीव्ह केर. जॉर्डनने चेंडू केरकडे दिला, केरचा नेम लागला, बुल्स विजेते ठरले. पुढच्या वर्षी तेच दोन संघ, पुन्हा सहावा सामना, यूटा एका गुणाने पुढे. जॉर्डनने कार्ल मलोनच्या हातून चेंडू काढून घेतला, कोर्टच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि ब्रायन रसेलसमोर एकट्याने चाल केली. केर पुन्हा कोर्टवर होता आणि स्टॉकटन पुन्हा त्याच्यावर होता. या वेळी स्टॉकटनने केरला सोडले नाही. जॉर्डनला एकास एक अशी लढत मिळाली, ५.२ सेकंद उरले असताना त्याने नेम मारला, आणि सामना ८७-८६ असा संपला. दुसरी चाल आयसोलेशनच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चाल मानली जाते. तिची किंमत मात्र आदल्या वर्षीच्या एका पासाने चुकती केलेली होती.

जुन्या नियमाखालचा शेवटचा मोठा एकांडा वीर म्हणजे फिलाडेल्फियाचा ॲलन आयव्हरसन. २०००-०१ मध्ये त्याने सरासरी ३१.१ गुण केले, तो मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याने संघाला अंतिम फेरीत नेले. तिथे पहिल्या सामन्यात ४८ गुण करून त्याने लेकर्सला त्या बाद फेरीतला त्यांचा एकमेव पराभव दाखवला. त्याच्याभोवती प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी मुटोम्बो, स्नो, मॅकी असे कष्टाळू बचावपटू उभे केले होते. गुण एकाने करायचे, अडवणूक चौघांनी करायची, अशी ती श्रमविभागणी होती. तिलाही संघ म्हणावे लागेल, जरी तिच्यात चेंडू फारसा फिरत नसला.

२००१-०२ पासून नियम बदलले. झोनवरची बंदी उठली; तिच्या जागी एवढाच निर्बंध आला की बचावपटूने कोणालाही हाताच्या अंतरावर न राखता बास्केटसमोरच्या पट्ट्यात सलग तीन सेकंदांहून अधिक थांबू नये. आता मदतीचा बचावपटू वाटेत उभा राहू शकत होता. २००४-०५ पासून चेंडूवाल्याला हाताने रोखून धरण्यावर पंच अधिक कडक झाले, आणि त्याचा लाभ एकट्याने आत घुसणाऱ्या चपळ गार्डना, म्हणजे बाहेरून चेंडू घेऊन येणाऱ्या खेळाडूंना, मिळाला. म्हणजे एका हाताने काढून घेतले आणि दुसऱ्या हाताने थोडे परत दिले. पण पहिल्या बदलाचा परिणाम खोलवर गेला. २००७-०८ मध्ये बोस्टनचे साहाय्यक प्रशिक्षक टॉम थिबोडो यांनी बचावाची जी रचना बसवली तिच्यात चेंडू ज्या बाजूला असेल त्या बाजूला एक जादा माणूस सरकवला जाई. चेंडूवाल्यासमोर एक, त्याच्या मागे वाटेत दुसरा. बोस्टन त्या वर्षी विजेते झाले आणि ही रचना हळूहळू सर्वत्र पसरली. आयसोलेशनचा एकांत तिने संपवला.

एका बाजूला जादा माणूस ठेवला की दुसरी बाजू आपोआप उघडी पडते. मग आक्रमणाने काय करावे? चेंडू दुसऱ्या बाजूला न्यावा, आणि बचाव सावरण्याआधी न्यावा. २०१४ च्या सॅन अँटोनियो स्पर्सचा खेळ हा या प्रश्नाचा पूर्ण सोडवलेला ताळेबंद होता. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या शिकवणीतली एक गोष्ट आपल्या क्रीडाशिक्षकांनी लिहून ठेवावी: चेंडू हाती आल्यावर अर्ध्या सेकंदात ठरवायचे, टाकायचा, पुढे द्यायचा की घेऊन आत शिरायचे. चेंडू धरून विचार करत उभे राहायचे नाही, कारण तेवढ्यात समोरचे पाच जण आपापल्या जागी परत येतात. चांगली संधी मिळाली तरी शेजाऱ्याला त्याहून चांगली मिळत असेल तर चेंडू त्याला द्यायचा, हेही त्याच शिकवणीतले.

त्या अंतिम फेरीत स्पर्सनी मायामी हीटला ४-१ असे हरवले. सरासरी चौदा गुणांचा फरक हा अंतिम फेरीच्या तोपर्यंतच्या इतिहासातला सर्वांत मोठा होता. तिसऱ्या सामन्याच्या पूर्वार्धात त्यांचे ७५.८ टक्के नेम लागले होते. मोसमभर त्या संघातला एकही खेळाडू सामन्यामागे सरासरी तीस मिनिटेही खेळला नव्हता. आणि संघ तरी कसला: पार्कर आणि डियॉ फ्रान्सचे, जिनोबिली अर्जेंटिनाचा, स्प्लिटर ब्राझीलचा, मिल्स ऑस्ट्रेलियाचा, बेलिनेली इटलीचा, डंकन व्हर्जिन बेटांवरचा. ज्या कोर्टवर एक मुलगा मराठीत हाक मारतो, दुसरा कन्नडमध्ये उत्तर देतो आणि तिसरा दखनी उर्दूत दोघांना शिव्या देतो, तिथल्या प्रशिक्षकांना हा संघ परका वाटू नये.

केर हा जॅक्सन आणि पोपोविच या दोघांच्याही हाताखाली खेळलेला माणूस. २०१४ मध्ये तो गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक झाला. त्याआधीच्या मोसमात हा संघ पासांच्या संख्येत लीगमध्ये तळाला होता, आणि तरीही ५१ सामने जिंकला होता. केरने सामन्यात तीनशे पासांचे लक्ष्य समोर ठेवले. पहिल्याच मोसमात ६७ विजय आणि विजेतेपद मिळाले. संख्या ऐकून टाळ्या वाजवण्यापूर्वी हे पाहावे की त्या संघात स्टीफन करी होता, आणि करीच्या हातात चेंडू नसतानाही त्याच्यामागे दोघे धावत. पासांची संख्या वाढवून करी तयार होत नाही.

आता बचावाची पाळी होती. साथीदाराने वाटेत उभे राहून, म्हणजे स्क्रीन लावून, बचावपटूला अडवायचे, हा चेंडू फिरवण्याच्या खेळाचा कणा. त्यावर सर्वांत परिणामकारक उत्तर म्हणजे ‘स्विच’: स्क्रीन लागली की दोन बचावपटूंनी आपापली माणसे सरळ अदलाबदल करून घ्यायची. कोणीच मागे राहत नाही, कोणीच मोकळा होत नाही, आणि पास द्यायला जागाच उरत नाही. वॉरियर्स स्वतःच या बचावात सर्वांत तरबेज होते, कारण त्यांच्याकडे ड्रेमंड ग्रीनसारखा, बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच सेंटरलाही आणि चपळ गार्डलाही राखू शकणारा खेळाडू होता. पण स्विचचे एक दुखणे आहे. अदलाबदलीत कधी ना कधी दुबळा बचावपटू बलवान आक्रमकासमोर येतो, आणि तसे झाले की पास करण्यात अर्थ नसतो. त्या दोघांना एकटे सोडणे हाच शहाणपणा असतो. अशा रीतीने ज्या आयसोलेशनला नियमांनी २००१ मध्ये बाहेर काढले होते, ते बचावाच्या दाराने परत आले.

२०१६ च्या अंतिम फेरीचा सातवा सामना आठवा. ७३ सामने जिंकलेले वॉरियर्स, ८९-८९ अशी बरोबरी, एक मिनिटाहून कमी वेळ. क्लीव्हलँडने स्क्रीन लावून क्ले थॉम्पसनच्या जागी करीला कायरी आयर्विंगसमोर आणले, बाकीचे बाजूला झाले, आणि आयर्विंगने करीच्या डोक्यावरून तीन गुणांचा नेम मारला. सामना ९३-८९ असा संपला.

या विचाराला टोकापर्यंत नेले ते ह्यूस्टन रॉकेट्सनी. गंमत म्हणजे त्यांचे प्रशिक्षक माइक डॅन्टोनी हे काही वर्षांपूर्वी फिनिक्समध्ये स्टीव्ह नॅशच्या साहाय्याने लीगमधला सर्वांत वेगवान पासांचा खेळ खेळवत होते. त्याच माणसाने जेम्स हार्डनच्या हाती चेंडू दिला, चौघांना तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरवले आणि २०१७-१८ मध्ये ६५ सामने जिंकले. पुढच्या मोसमात हार्डनची सरासरी ३६.१ वर गेली. हे चालले कसे, ते अगदी प्राथमिक अंकगणित आहे. दोन गुणांचा नेम निम्म्या वेळा लागला तर एका प्रयत्नाचा सरासरी गुण एक; तीन गुणांचा नेम शंभरात छत्तीस वेळा लागला तरी १.०८, आणि नेम मारताना फाउल होऊन दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता टाकायचे एकेका गुणाचे नेम, मिळाले व त्यांतले ऐंशी टक्के लागले तर १.६. हार्डन आत घुसला तर समोरच्याकडून फाउल करवून घेणार, दुसरा बचावपटू आला तर कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या साथीदाराला देणार. एकट्याचा दिसणारा खेळ असा पाचांच्या जागांवर उभा होता.

२०१८ च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत रॉकेट्स वॉरियर्सविरुद्ध ३-२ असे पुढे होते, ख्रिस पॉल जायबंदी होऊन बाहेर बसला, आणि सातव्या सामन्यात तीन गुणांचे त्यांचे सलग २७ नेम चुकले. एकूण ४४ पैकी ७ लागले. ‘पाहा, देवाने शिक्षा केली’ अशा थाटात अनेकांनी लिहिले. मला तो युक्तिवाद पटत नाही. सलग सत्तावीस चुकलेले नेम हा कोणत्याही पद्धतीविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही. त्या खेळाविषयीची माझी तक्रार वेगळी आहे: बाजूला उभे असलेले चौघे हात लावल्याविना थंड पडतात, चेंडूवाला मे महिन्यापर्यंत दमतो, आणि समोरच्याला सात सामन्यांत एकाच प्रश्नाचा अभ्यास करावा लागतो. मोसमात ८२ वेगवेगळ्या सामन्यांत हे लपते. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सलग सात वेळा उतरल्यावर लपत नाही.

अलीकडची एक वाट थोडक्यात सांगतो. एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू घेण्यासाठी केलेल्या २०१४ च्या निवडीत ४१ व्या क्रमांकावर घेतलेला सर्बियाचा निकोला योकिच हा सेंटर असूनही पासांचे केंद्र झाला, आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला त्यांचे पहिले विजेतेपद मिळाले. त्याला एकट्याने अडवावे तर तो पाठ लावून गुण करतो. दुसरा पाठवावा तर त्या दुसऱ्याने सोडलेल्या माणसाकडे चेंडू पोहोचलेला असतो. एकट्याची धमकी आणि पास ही दोन कामे एकाच हातात आली, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही; पण असा हात शोधून सापडत नाही.

आता आपल्या कोर्टवर येतो. आपल्या मुलांनी एनबीए पाहावे, जरूर पाहावे; मात्र ती ज्या नियमांनी खेळतात ते नियम एनबीएचे नाहीत. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय, म्हणजे फिबाचे नियम चालतात. त्यांत बचावपटूवर तीन सेकंदांचे बंधन नाही. समोरच्या संघाचा सर्वांत उंच मुलगा पूर्ण वेळ बास्केटखाली खांबासारखा उभा राहू शकतो. तीन गुणांची रेषा एनबीएत समोर ७.२४ मीटरवर, आपल्याकडे ६.७५ मीटरवर, त्यामुळे बाजूला उभे राहणारे चौघे बास्केटच्या अधिक जवळ असतात आणि त्यांच्या बचावपटूंना मदतीला यायला एखादे पाऊल कमी टाकावे लागते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये फिबाच्या नियमांखाली एनबीएच्या खेळाडूंनी भरलेला अमेरिकेचा संघ पोर्तो रिकोकडून ९२-७३ असा आणि उपांत्य फेरीत जिनोबिलीच्या अर्जेंटिनाकडून ८९-८१ असा हरला. त्या दर्जाच्या खेळाडूंना जे जड गेले, ते आठवी-नववीच्या मुलाने आंतरशालेय सामन्यात २-३ झोनमध्ये, म्हणजे पुढे दोन आणि मागे तीन बचावपटू उभे असताना, शिरून करावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

मुलांना दोष देण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मोबाइलवर वीस सेकंदांची जी चित्रफीत येते तिच्यात शेवटचा खेळाडू दिसतो. त्याआधीचे तीन पास कापलेले असतात. शिवाय आपला पावसाळा. खानापूर, जांबोटीकडे तर सिमेंटचे उघडे कोर्ट कित्येक आठवडे वाळत नाही, आणि मुले शाळेच्या व्हरांड्यात एकेकटी ड्रिबल करत बसतात. चार महिने जे एकट्याने शिकले जाते तेच ऑक्टोबरमध्ये कोर्टवर दिसते.

म्हणून क्रीडाशिक्षकांना माझी विनंती अशी की नुसते ‘पास दे’ ओरडू नये. व्हरांड्यातसुद्धा तिघांना तिघांविरुद्ध, ड्रिबल पूर्ण बंद ठेवून, पास देऊन लगेच मोकळ्या जागेकडे धावण्याचा सराव घेता येतो. नेस्मिथ यांचा मूळ खेळ तोच होता. सामन्यात पास मोजू नयेत. कोणत्या पासानंतर बचावपटूला जागा सोडावी लागली ते वहीत टिपावे. आणि एकास एक खेळणेही शिकवावे, कारण चौथ्या पासानंतर चेंडू ज्या मुलीच्या हाती येतो तिच्याकडे एक बचावपटू धावत येत असतो, आणि त्या क्षणी तिला एकटीनेच त्याच्या बाजूने निघून जायचे असते. शेवटच्या दहा सेकंदांसाठी चेंडू कोणाकडे द्यावा, हे नेहमी विचारले जाते. दोघी अंगावर आल्या तरी जिची मान वर राहते तिच्याकडे द्यावा, आणि संघातली सर्वांत अचूक नेमबाज तिच्यापासून एका पासाच्या अंतरावर उभी करावी, म्हणजे तिला राखणारीला स्टॉकटनचा पेच पडेल.